इनक्युबेटर पुरे, कर्जाच्या हप्त्याचं बघा

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या संस्थेतल्या इनक्युबेटरची, म्हणजे मुलांनी नवे धंदे उभे करावेत म्हणून केलेल्या खोलीची, फीत आपण कापलीत तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. खोली झकास आहे. सध्या मुलं तिथे प्लेसमेंटच्या गटचर्चेची तयारी करतात. शांतता असते ना!

मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी लहान दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करायला निघालो होतो. स्पर्धेसाठी पिच डेक, म्हणजे धंद्याची कल्पना पटवून देणाऱ्या स्लाइड्स, केला, बाजारपेठेचा आकडा एवढा फुगवला की परीक्षकही खूश झाले. मग एका सरांनी सुनावलं, डेक मिटा आणि दवाखाने फिरा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमाचा गाभाही हाच: वर्गात बसून अंदाज बांधू नका, गिऱ्हाईक गाठा.

सातव्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून वही काढली. नाव, वेळ, आणि मधूनमधून लाल पेनाची फुली. फुली म्हणजे वेळ घेऊन न आलेला पेशंट. "नोंदी मी करते हो, त्यात काय. कोण येणार नाही ते आधी सांगता येईल का?" आमचं दोन महिन्यांचं काम त्या फुल्यांनी निकालात काढलं. पण खरा धंदाही तिथेच दिसला.

त्या रात्री एक्सेल उघडलं. सर्व्हर, मेसेज, फिरती, सगळं किरकोळ. शेवटच्या ओळीत दोघींच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते. ती ओळ शून्य केली की साठवलेले पैसे चौदा महिने पुरत होते, धरली की चार. चार महिन्यांत नवं उत्पादन उभं राहून पैसे देणारे दवाखाने मिळणं अशक्यच. प्लेसमेंटच्या फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत होती. पावणेबाराला मैत्रिणीने भरला आणि माझी माफी मागितली. मी काय बोलणार? माझा दुपारीच गेला होता.

यावर "खरा उद्योजक जोखीम घेतोच" असं भाषणांत ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. व्हार्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या चौघांनी २०१० मध्ये वॉर्बी पार्कर ही चष्म्यांची कंपनी सुरू केली. त्यांनी इंटर्नशिप केल्या, हाताशी नोकऱ्याही ठेवल्या. त्यावरूनच तिथले प्राध्यापक अ‍ॅडम ग्रँट यांनी त्यांच्यात पैसे गुंतवायला नकार दिला, आणि पुढे आपण चुकलो हे स्वतःच सांगितलं. पाय टेकायला जागा असली की माणूस उडी मारतो, महोदय.

फ्रान्सने २०१४ मध्ये 'विद्यार्थी-उद्योजक' असा अधिकृत दर्जाच आणला. तो मिळालेल्यांना सक्तीच्या इंटर्नशिपऐवजी स्वतःच्या प्रकल्पावर काम करता येतं, मार्गदर्शकही मिळतो. आपल्याकडे याला कर्जाची जोड हवी: असा दर्जा असलेल्याचा हप्ता पदवीनंतर दोन वर्षं थांबावा, त्या काळात व्याजावर व्याज चढू नये, आणि धंदा बसला तर पुढच्या वर्षीच्या प्लेसमेंटला बसू द्यावं. कर्जमाफी कोणी मागत नाही, कर्ज फेडायचंच आहे. दर्जा कुणाला द्यायचा हे ठरवताना मात्र डेक बघू नका, किती गिऱ्हाइकांना भेटलात ते विचारा. निम्मे अर्ज तिथेच गळतील (आमचा पहिला तर नक्कीच गळला असता).

कर्जाचा विषय वित्त खात्याकडे जातो, हे ठाऊक आहे. दोन्ही खात्यांची बैठक लावलीत तर मला बोलवा. ती एक्सेलची फाईल घेऊन येते. शेवटची ओळ आपण स्वतः शून्य करून बघा.

आपली विश्वासू,
व्यवस्थापन शाखेची एक विद्यार्थिनी