आल्टक्योनिगला चल: मीनलला पत्र

ओबरउर्सेल,
मार्चचा पहिला रविवार

प्रिय मीनल,

तुझं मे महिन्यात यायचं नक्की झालं, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! तुझी यादीही मिळाली. राइनवरची बोट, हायडेलबर्ग, आल्प्स, सगळं करू. पण त्यातला एक अख्खा दिवस माझा. त्या दिवशी मी तुला आल्टक्योनिग नावाच्या इथल्या डोंगरावर नेणार आहे. उंची ७९८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही बराच ठेंगणा. माथ्यावर देऊळ नाही, झुणका-भाकर नाही, ताक नाही. झाडं आहेत आणि दगड आहेत. तरी तुला तिथेच का न्यायचं, ते फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी जागा सांगते. फ्रँकफर्टच्या वायव्येला टाउनुस नावाची डोंगररांग आहे आणि तिचा मोठा भाग निसर्गउद्यान म्हणून राखलेला आहे. इकडे त्याला नाटुअरपार्क म्हणतात. आपल्या अभयारण्यासारखं कुंपण, तिकीट, गेट असलं काही डोळ्यांसमोर आणू नकोस. आत गावं आहेत, शेती आहे, लाकूडतोडही चालते. १९५६ मध्ये आल्फ्रेड टोएप्फर नावाच्या हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने देशभर अशी उद्यानं करावीत अशी कल्पना मांडली. शहरातल्या माणसाला मोकळी हवा मिळावी आणि डोंगरही टिकावेत, हा त्यामागचा विचार. आज जर्मनीत अशी शंभराहून जास्त उद्यानं आहेत आणि देशाची पाव भागाहून अधिक जमीन त्यांत येते. शिवाय जंगलात पायी हिंडण्याचा हक्क इथे कायद्यानेच सर्वांना आहे, मग जंगल खाजगी का असेना. ही गोष्ट मला या देशाची फार मोठी श्रीमंती वाटते.

टाउनुसचं सर्वांत उंच शिखर ग्रोसर फेल्डबर्ग, जवळपास ८८० मीटर. त्याच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो. त्यामुळे वर पार्किंग, मनोरा, खाणावळ, मोटरसायकलींचे ताफे आणि रविवारी माणसंच माणसं. आल्टक्योनिग त्याचा शेजारी. उंचीत जेमतेम ऐंशी मीटरचा फरक, पण वर रस्ता जात नाही. तेवढ्या एका गोष्टीमुळे दोन्ही माथ्यांचं नशीब वेगळं झालं. खाली दोघांच्या मधल्या खिंडीत फुक्सटान्झ नावाची जागा आहे, ६६२ मीटरवर. सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात, दोन खाणावळी आहेत, सायकलवाल्यांची झुंबड असते. लोक सूप पितात, केक खातात आणि परत फिरतात. तिथून आल्टक्योनिगचा माथा जेमतेम एकशे पस्तीस मीटरच वर आहे, पण त्या वाटेला वळणारे अगदी थोडे. शेवटच्या त्या चढणीवर गर्दी अशी गळून पडते की दहा मिनिटांत मागच्या गप्पा, कपबशांचे आवाज सगळं संपतं.

आपण मात्र फुक्सटान्झहून जायचं नाही. शहरातून यू-३ ही लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला, होहेमार्कला उतरायचं. फलाटावरून निघालं की थोड्याच वेळात जंगल सुरू. तिथून माथ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण, आपल्या सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षा थोडी कमीच. गाडी काढायला नको, ड्रायव्हर नको, पहाटे चारला उठायला नको.

पहिला टप्पा हायडट्रेंकच्या दरीचा. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत केल्टिक लोकांचं, म्हणजे युरोपातल्या एका प्राचीन जमातीचं, मोठं तटबंदीचं शहर होतं, जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या केल्टिक वसाहतींपैकी एक. आज तिथे बीच नावाच्या झाडांचं रान आहे. फलक वाचला नाही तर नुसता बांध समजून माणूस तट ओलांडून पुढे जाईल. गोल्डग्रुबे नावाची टेकडी याच शहराचा भाग. तिच्या माथ्यावर मी तासभर बसले आहे आणि त्या तासात एकही माणूस फिरकला नाही. एका काळ्या सुतारपक्ष्याचं टकटक तेवढं चालू होतं. तो आपल्या सुतारपक्ष्यांपेक्षा बराच मोठा, जवळजवळ कावळ्याएवढा, सगळा काळा आणि डोक्यावर लाल टोपी.

वर चढत गेलं की पायाखालचा दगड बदललेला जाणवतो. आपला बेसॉल्ट काळा, थरांचा. इथला क्वार्टझाइट फिकट करडा, कडक, धारदार कडांचा. आल्टक्योनिगच्या एका उतारावर तर नुसत्या सुट्या धोंड्यांचा पसरलेला पट्टा आहे, त्याला व्हाइसं माउअर म्हणतात, पांढरी भिंत. हिमयुगात पाणी गोठायचं-वितळायचं, तसा खडक फुटत गेला आणि त्याचे तुकडे उतारावर पसरले. माणसाचा हात त्याला लागलेला नाही.

माथ्यावरच्या दगडांना मात्र लागलेला आहे. इथे दोन तट आहेत, एकाच्या आत एक, इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपासचे, तेही केल्टिक लोकांचेच. तू राजगडच्या संजीवनी माचीवर तटाला हात लावून कशी उभी राहायचीस, ते आठवून मला हसू येतं, कारण इथे पहिल्यांदा आले तेव्हा मला तट दिसलाच नाही. दिसला तो दगडांचा लांबच लांब ढीग, माणसाच्या उंचीहून मोठा, जंगलातून वळत गेलेला. कारण पुढे कळलं. ही भिंत चुन्याशिवाय रचलेली होती आणि तिला आतून लाकडी सांगाडा होता. लाकूड कुजलं तसा दगडांचा आधार गेला आणि भिंत दोन्ही बाजूंना घसरून बसली. जवळ जाऊन पाहिलंस तर दगडांवर पोपटी-करड्या दगडफुलाचे गोल गोल डाग दिसतील, तेच गं, आपल्या गोड्या मसाल्यात घालतो त्याच्या कुळातलं. दगडांवर चढायचं मात्र नाही हं, वाटेवरूनच पाहायचं. तटातून वाट आत जाते, आपण दिंडी ओलांडून बालेकिल्ल्यात शिरतो तशी. आत झाडं बुटकी आणि पिळवटलेली, कारण माथ्यावर वारा फार. एका बाजूने झाडांच्या फटीतून फ्रँकफर्टच्या उंच इमारती दिसतात. विमानतळ जवळ असल्यामुळे अधूनमधून विमानाची घरघर येते, ती नाही असं खोटं कशाला सांगू. पण विमान गेलं की मागे जी शांतता उरते, ती मला घरात, ऑफिसात, इतर कुठेच मिळत नाही.

एक दुःखाची गोष्टही तुला तिथे दिसणार आहे, ती आधीच सांगून ठेवते. वाटेत अचानक मोठमोठे उघडे उतार लागतात. उभे वाळलेले करडे खांब, नाहीतर नुसते बुंधे. ही स्प्रूसची झाडं होती. हे झाड मूळचं इथलं नाही. झटपट वाढतं, सरळ लाकूड देतं, म्हणून गेल्या दोनशे वर्षांत ओळीने लावलेलं. मुळं उथळ. २०१८ पासून लागोपाठ तीन उन्हाळे कोरडे गेले आणि झाडांचं पाणी तुटलं. धडधाकट स्प्रूस सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याला चिकात बुडवून मारतो. तहानलेल्या झाडाला चीकच सुटत नाही. गळून पडलेलं सालीचं एक ढलपं मी उलटून पाहिलं, तर मधोमध एक उभी नळी आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक बारीक नागमोडी रेघा, पुढे पुढे रुंद होत गेलेल्या. मादी उभ्या नळीत अंडी घालते आणि प्रत्येक अळी आपापली रेघ खात पुढे जाते. अळी जाडी होते तशी रेघ रुंदावते. इतकं सुबक आणि इतकं जीवघेणं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. एवढ्याशा किड्याने डोंगरच्या डोंगर बोडके केले. मला त्या उतारांवर पहिल्यांदा रडू आलं होतं.

आता तिथे बर्च आणि रोवनची रोपं वर आली आहेत. जूनमध्ये फॉक्सग्लोव्हचे गुलाबी तुरे निघतात. 'जे' नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी हिवाळ्यासाठी ओकची फळं जमिनीत पुरून ठेवतो, त्यातली काही तशीच राहतात आणि रुजतात. पुन्हा एकाच जातीची ओळ लावू नये, मिश्र रान होऊ द्यावं, असा इथल्या वनखात्याचा आता कल आहे. मला तो पटतो. वेळ लागेल, आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण होणार नाही, पण हेच बरोबर आहे.

आणखी एक प्रसंग सांगते. गेल्या शरद ऋतूत वाटेवर एक आजोबा भेटले. हातात रंगाचा छोटा डबा, ब्रश आणि तारेचा घासणी-ब्रश. बुंध्यावरचं शेवाळ खरवडून, साल पुसून ते वाटेची खूण नव्याने रंगवत होते. टाउनुसक्लुबचे स्वयंसेवक. १८६८ साली फ्रँकफर्टमध्ये स्थापन झालेली भटक्यांची संस्था आहे ती. आपापल्या वाटेच्या खुणा ही माणसं वर्षानुवर्षं बिनपैशाने सांभाळतात. मी "गूडे" म्हटलं, इथला रामराम. त्यांनी ब्रश वर करून "गूडे" म्हटलं आणि खालच्या बाजूची खूणही नीट दिसते का, म्हणून मला दहा पावलं मागे जाऊन बघायला लावलं. दिसत होती. शहरात शेजारीसुद्धा मान वर करत नाहीत, पण या वाटांवर समोरून येणारा प्रत्येक जण बोलतो. आपल्याकडे गडाच्या वाटेवर बोलतात तसंच.

मे महिना मी मुद्दाम धरला आहे. बीचला तेव्हा कोवळी पालवी असते, इतकी पातळ की ऊन तिच्यातून आरपार येतं आणि अख्ख्या रानाला पोपटी उजेड पडतो. दोन-तीन आठवड्यांत पानं जाड होतात, मग खाली दाट सावली.

बूट तेच आण, आपले जुने ट्रेकचे, फक्त तळवे बघून घे. पायघोळ पँट हवीच, गवतात बारीक गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून आजार होतो, संध्याकाळी घरी आल्यावर अंग तपासायचं. एक जाडसर जाकीट. डबा मी करते, पण येताना पाव किलो शेंगदाण्याची चटणी आणशील ना? इथल्या दाण्यांना ती चव येत नाही. उतरताना फुक्सटान्झला केक खाऊ, तोपर्यंत गर्दीही ओसरलेली असेल. गुडघा कसा आहे तुझा? फिजिओने काय सांगितलं ते खरं खरं कळव. उतार सौम्य असलेली दुसरी वाटही मला माहीत आहे, तिने खाली येता येईल.

विमानाची तारीख पक्की झाली की लगेच कळव, मला त्या आठवड्याची रजा टाकायची आहे.

तुझीच,
अनघा