डिकीतली खुर्ची

पुणे
रविवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

काल पोचायला साडेअकरा झाले. एसटी कराडला बराच वेळ थांबली होती. आई, चटणी सांडली नाही, डबा घट्ट होता. हे फोनवर बोलता आलं असतं, पण सोनू मध्येच फोन ओढून घेतो आणि बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून लिहितेय. दोघांनी बसून वाचा. आई, चष्मा लाव.

मला डिकीतल्या चाकाच्या खुर्चीबद्दल लिहायचं आहे.

शुक्रवारी सोनूच्या झब्ब्यासाठी आपण त्या दुकानात गेलो, तोवर ती खुर्ची आहे हेच मला माहीत नव्हतं. बाबांनी गाडी लिफ्टशेजारच्या, अपंगांसाठी राखलेल्या निळ्या पट्ट्यांच्या जागेत लावली. तुमचं गाडीतून उतरणं मी किती वर्षांनी नीट बघितलं. बाबा इंजिन बंद करतात. मागच्या दाराला चाइल्ड लॉक, ते बाहेरूनच उघडतं. आई आधी उतरते, गुडघ्यावर हात ठेवून सरळ होते, मग दाराशी येते. आतून बाबा तीनदा म्हणतात, "आता उतरायचं. आईचा हात. आता उतरायचं." तिसऱ्यांदा म्हटलं की आई दार पूर्ण उघडते आणि दारात आडवी उभी राहते. एक हात त्याच्या मनगटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या पँटच्या पट्ट्यात अडकवलेली. शेजारी दुसरी गाडी खेटून असेल तर दार अर्धंच उघडतं, आईला मध्ये उभं राहायला जागाच उरत नाही आणि तो तिच्या काखेखालून निसटतो.

अशा जागेची रुंदी 3.6 मीटर हवी आणि ती मुख्य दारापासून 30 मीटरच्या आत हवी, असं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लोकांना वाटतं ती जागा फक्त खुर्ची काढायला. आपल्याकडे ती आईला उभं राहायला लागते.

आणि तो निसटला तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. महाद्वार रोडवर हात सुटला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. बाबा बिंदू चौकाकडे पळाले, मी भवानी मंडपात, आई देवळाच्या दाराशी रडत उभी. दोन तासांनी तो गंगावेशीत सापडला. दुधाच्या कट्ट्यावर म्हशीच्या अगदी पोटाशी बसून धार बघत होता. गवळ्याने त्याला पेलाभर दूध दिलं होतं आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्या माणसाने एक शब्द विचारला नाही. आज सोनू चौतीस वर्षांचा आहे, वजन ऐंशीच्या पुढे, आणि पळतो तेवढाच. त्याच्यामागे धावायला मात्र आता सत्तरीची दोन माणसं आहेत.

शुक्रवारचा तो माणूस बायको-मुलांना घेऊन आला होता. "काका, बोर्ड दिसत न्हाई व्हय? ही जागा अपंगांची हाय." इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. त्या जागेत रोज कुणाच्याही मोठ्या गाड्या उभ्या असतात, आणि कुणी विचारलं तर बरंच आहे. बाबा, तुम्हीसुद्धा विचारलं असतं. तुम्ही खिशातून सोनूचं अपंगत्वाचं कार्ड काढलंत, प्लॅस्टिकच्या पाकिटातलं, पिवळ्या पट्ट्याचं. त्याने ते हातातसुद्धा घेतलं नाही. सोनूकडे बघितलं. सोनू लिफ्टचे आकडे बदलताना बघून हसत होता, हात हलवत होता. "ह्यो? ह्यो तर माझ्यापेक्षा धडधाकट हाय की. कार्डं काय, पैसं टाकलं की मिळत्यात."

बाबा, तुम्ही खाली बघितलंत. आणि आईने डिकी उघडली.

आई, तू ती खुर्ची इतक्या सराईतपणे उलगडलीस की मला वाटलं, सोनूला काही झालंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवलंय. तू त्याला बस म्हणालीस. तो बसेना. तू दोन्ही खांद्यांवर जोर देऊन त्याला खाली दाबत होतीस आणि त्याला कळेना, चालता येत असताना आपल्याला का दाबतायत. त्याने मनगट तोंडात घातलं, त्या जुन्या घट्ट्यावर चावला. त्याच्या ओरडण्याने सगळं तळघर घुमलं. तो माणूस बायको-मुलांना घेऊन गेला. वॉचमन आला, तेव्हा बाबा म्हणाले, "घेतो, घेतो बाजूला," आणि गाडी बाहेर रस्त्यावर नेऊन लावली. झब्बा राहिलाच.

रात्री भांडी घासताना तू मला सांगितलंस. गेल्या वर्षी जुन्या बाजारातून आणली. "तो बसत नाही गं त्यात. पण डिकी उघडली की ती दिसते. मग कुणी बोलत नाही."

आई, मला रात्रभर झोप लागली नाही.

त्या बोर्डावर जे चित्र असतं ना, ते सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीने 1968 मध्ये काढलं. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती. डोक्याचा गोल नंतर दुसऱ्यांनी घातला. आपल्या सोनूचं सगळं त्या गोलातच आहे. पण चित्र खुर्चीचं, म्हणून जगभर लोकांच्या मनात अपंग म्हणजे खुर्ची हे पक्कं बसलंय. कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात सोनूची स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नव्हती. म्हणून त्याच्या पहिल्या दाखल्यावर 'मतिमंद' लिहिलं होतं आणि बाबा तो दाखला कपाटात उलटा ठेवायचे. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आले, तेव्हा कुठे त्याच्या कार्डावर त्याच्या अपंगत्वाचं खरं नाव लागलं. इंग्लंडमध्ये अशा जागांसाठी गाडीच्या काचेआड निळा बॅज ठेवतात. न दिसणारं अपंगत्व असणाऱ्यांसाठी त्याचे नियम तिथेसुद्धा 30 ऑगस्ट 2019 ला बदलले. तिथल्या आयांनाही "पोरगं तर चालतंय" हे ऐकावं लागतं. तुमच्यात काही कमी आहे म्हणून लोक बोलतात असं समजू नका.

कोल्हापूरला चाकाची खुर्ची नवी नाही. नसीमा हुरजूक स्वतः खुर्चीवर, आणि 1984 पासून त्यांनी सुरू केलेली 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था आपल्याच गावात उभी आहे. त्या कामामुळे खुर्चीवरच्या माणसाला वाट द्यायची असते, एवढं आपल्या गावाला कळलं. खुर्चीशिवायच्या माणसाचं अजून कळायचं आहे. ते कळावं म्हणून सोनूला खुर्चीत दाबायचं, हे मला पटत नाही. ज्याला ती पायांच्या जागी लागते त्याच्यासाठी ती आहे. आपण ती लोकांची तोंडं बंद करायला ठेवली, आणि त्याची किंमत सोनूच्या मनगटाने दिली.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही 32 वर्षं कंडक्टर होता. लहानपणी मी तुमच्या गाडीने आजोळी जायचे, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून सगळं बघायचे. कुणी अपंगांच्या 75 टक्के सवलतीचं कार्ड पुढे केलं की तुम्ही कार्ड बघायचात, तिकीट फाडायचात, पुढे जायचात. एकदा एका प्रवाशाने कुरकुर केली, "ह्याला काय झालंय, चांगला तर दिसतोय." तुम्ही म्हणालात, "कार्ड बघायचं काम माझं. तुमचं तिकीट दाखवा." गाडीत सगळे गप्प झाले. मी शाळेत सगळ्यांना हे सांगितलं होतं.

तोच माणूस आता स्वतःच्या पोराचं कार्ड खिशात परत ठेवतो आणि गाडी रस्त्यावर नेऊन लावतो, हे मला बघवत नाही. ही जागा तुम्ही कुणाची घेतलेली नाही. ती सोनूची आहे, गाडी तुम्ही चालवत असलात तरी. कार्ड वॉचमनला दाखवायचं, तो बघेल. बाकी कुणाला सोनूचा आजार समजावून सांगायचा नाही, त्याला कधी फिट आली, तो कधी बोलायचा थांबला, हे पार्किंगमध्ये उभं राहून सांगायचं नाही. आई गेली तीस वर्षं अनोळखी माणसांना हे सगळं सांगत आली आहे. दरवेळी ती सांगते आणि सोनू शेजारी उभा राहून ऐकतो. त्याला किती कळतं हे आपल्याला कुणालाच ठाऊक नाही.

एक गोष्ट मी कधी बोलले नाही. दहावीत असताना रंकाळ्यावर तो ओरडायला लागला, तेव्हा मी भेळेच्या गाड्याकडे चालत गेले आणि तिथल्याच कुणाची तरी असल्यासारखी उभी राहिले. माझ्या वर्गातल्या मुली समोरून येत होत्या. आई, तू मला बघितलंस आणि हाक मारली नाहीस. घरी आल्यावरही काही म्हणाली नाहीस. लोकांच्या नजरेचं ओझं किती असतं हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी ते तुझ्या एकटीवर टाकलं. म्हणून आज "लोकांकडे लक्ष देऊ नका" असं मी लिहिणार नाही. लक्ष जातं.

मी पुढच्या शनिवारी येतेय. दोन दिवसांची रजा टाकली आहे. येताना कार्डाच्या चार रंगीत प्रती करून आणते, एक काचेआड लावू. ती खुर्ची धुऊन ठेवा. डावं चाक करकरतं, त्यात तेल सोडा, म्हणजे ज्याला देऊ त्याला त्रास नको. कुणाला द्यायची ते मी आल्यावर ठरवू.

झब्बा राहिलाय. त्याच दुकानात जाऊ, निळ्या पट्ट्यांतच गाडी लावू. दाराशी मी उभी राहीन, आईने आत बसून राहायचं. सोनूला आत्तापासून सांगत राहा, म्हणजे त्याला नवीन वाटणार नाही: "आता उतरायचं. ताईचा हात. आता उतरायचं."

तुमची,
तायडी