पिसू म्हणजे गोचीड नव्हे

महोदय,

पिसवांमुळे पसरणाऱ्या तापाची बातमी आपण कालच्या अंकात छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र मजकूर पिसवेचा आणि शेजारी चित्र गोचिडीचे, हे पाहून आपल्या कार्यालयातील कोणी आयुष्यात कुत्रे पाळले नसावे असे वाटले. पिसू उडी मारते, गोचीड कातडीला चिकटून बसते. असो. चित्राचे एक वेळ चालून जाईल. पण मथळ्यात ‘टायफॉइड’ आणि खाली मजकुरात ‘टायफस’, दोन वेगळ्या आजारांच्या या घोटाळ्याने गेल्या वर्षी आमच्या घरचे नऊ दिवस खाल्ले आहेत.

माझा धाकटा भाऊ सांगलीत हळदीच्या गोदामावर दिवाणजी आहे. दिवाळीनंतर त्याला ताप भरला, डोके असह्य दुखू लागले आणि पाचव्या दिवशी छातीपोटावर बारीक पुरळ उठले. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, म्हणून टायफॉइडचे औषध सुरू झाले. तू बसतोस तिथे उंदीर आहेत का, हा साधा प्रश्न त्याला दहाव्या दिवशी मिरजेतील एका वयस्क डॉक्टरांनी विचारला. त्यांनी रक्त तपासायला पाठवले, अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. निदान निघाले ते उंदरांच्या पिसवांपासून होणाऱ्या टायफसचे. पिसू चावलेली जागा आपण खाजवतो, तेव्हा तिची विष्ठा कातडीत चोळली जाते, लागण व्हायला तेवढे पुरते.

त्यानंतर मी गोदामातील पिसवांची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. गोदामातील हमालांच्या पोटऱ्या लाल चट्ट्यांनी भरल्या होत्या. टेबलावरच्या गृहस्थांनी छापील तक्ता माझ्याकडे वळवून दाखवला आणि शांतपणे सांगितले, “रुग्ण दाखल असेल तर नोंद होईल, यात पिसवांचा रकाना नाही.”

वास्तविक १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण आढळण्याआधीच गावकऱ्यांनी पिसवांच्या त्रासाची तक्रार केली होती. पिंजऱ्यात उंदीर धरायचे, त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून काढायच्या आणि दर उंदरामागे सरासरी किती निघाल्या ते मांडायचे, ही पद्धत काही कालपरवाची नाही; प्लेग वाहणाऱ्या पिसवांच्या जातीची सरासरी एकच्या वर गेली की धोका मानतात. आमची आजी सांगे, घरात उंदीर मरून पडला की लोक गाव मोकळे करून रानात खोपी घालत. तिला अहवाल लिहिता येत नव्हता, पण माणूस पडेपर्यंत ती थांबत नव्हती.

माझ्या मागील पत्रातील पुरानंतरच्या गाळाविषयीचा अख्खा परिच्छेद आपण कापला होता. या वेळी कात्री लावायचीच असेल तर आमच्या आजीला लावावी, पिसवांच्या रकान्याला लावू नये. आणि टायफसचा पुन्हा टायफॉइड करू नये, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली