‘चमत्कारी’ झाडाचा फोटो छापताना कारणही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरत आला की सूर्यफुलाला जोडफूल आले, तिळाला फुलांऐवजी पानेच फुटली, तुरीचे झाड झुडपासारखे माजले, असे फोटो गावोगावहून येतात आणि ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून छापले जातात. अशा झाडाला कुणी हळदकुंकू वाहते, कुणी अपशकुन म्हणून ते उपटते. वरवर सारख्याच दिसणाऱ्या या विकृतींची कारणे मात्र निरनिराळी असतात आणि त्यांतल्या काही शेजाऱ्याच्या शिवारापर्यंत पोचतात.

चपटे, पट्टीसारखे खोड बहुधा निरुपद्रवी असते. शेंड्याचा वाढबिंदू ठिपक्यासारखा न राहता आडवा रेघेसारखा पसरला की खोड रुंदावते आणि त्यावर पाने-फुले दाटीने येतात. खुरप्याचा घाव, किडीने कुरतडलेला शेंडा, क्वचित जिवाणू किंवा जनुकातला बदल ही त्याची कारणे. बांधावरचे कुरडू हे तण आणि अंगणातले कोंबडा हे फुलझाड ही मुळात एकच जात. कोंबड्यात हा चपटेपणा बियांतून उतरतो. इतर झाडांत तो सहसा उतरत नाही. चपटा भाग जिथे सुरू होतो तिथून चार बोटे खाली छाटले की पुढचा फुटवा बहुतेक सरळ येतो. फवारणीवर पैसे घालवू नयेत.

खरी काळजी तुरीच्या वांझ रोगाची. झाड हिरवेगार आणि झुडपासारखे, पाने बारीक, त्यांवर फिकट-गर्द चट्टे, आणि फुले जवळपास नाहीतच. हा विषाणूजन्य रोग कोळी नावाची डोळ्यांना न दिसणारी कीड पसरवते; कोळी वाऱ्याबरोबर जातो. बियांतून हा रोग येत नाही, त्यामुळे बीजप्रक्रियेने तो थांबत नाही. पेरणीपासून दीड महिन्याच्या आत लागण झाली तर झाड जवळपास पूर्ण वांझ राहते. उशिरा झाली तर काही फांद्यांना शेंगा धरतात. म्हणून असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे. बांधावर किंवा परसात राहिलेली गेल्या सालची तूर पेरणीआधीच काढावी, कारण कोळी आणि विषाणू उन्हाळा तिच्यावरच काढतात. रोग दरवर्षी येत असेल तर बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ किंवा बीएसएमआर ८५३ हे प्रतिकारक वाण घ्यावेत.

तिळात फुलाच्या जागी हिरवा झुपका येतो, वांग्यात पाने चिमुकली होऊन गुच्छ बनतो. दोन्हींचे कारण फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्मजीव, आणि वाहक तुडतुडे. लागलेले झाड बरे होत नाही. ते उपटावे आणि तुडतुड्यांचा बंदोबस्त करावा.

कपाशीची पाने भेंडीसारखी चिरलेली, निमुळती झाली की व्हायरस समजून औषधांवर औषधे मारली जातात. आधी शेतात फिरून बघावे. वाऱ्याकडच्या कडेला विकृती जास्त आणि आत कमी, किंवा फवारलेल्या ओळींतच ती असेल, तर शेजारच्या उसा-ज्वारीत मारलेल्या २,४-डी तणनाशकाचा संशय घ्यावा. पंपात उरलेला अंशही कपाशीला इजा करायला पुरतो. ही झाडे उपटू नयेत. वेडेवाकडे शेंडे खुडावेत, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया टाकून फवारावे; इजा हलकी असेल तर नवी फूट चांगली येते. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणे हाच पक्का उपाय.

आता जपून ठेवावा असा बदल. निरोगी झाडाची एकच फांदी वेगळी दिसते आणि पुढच्या हंगामातही तशीच राहते, तेव्हा ते उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, असू शकते. तास-ए-गणेश आणि सोनाका ही द्राक्षे थॉम्पसन सीडलेसमधल्या अशाच बदलातून मिळाली. अशा फांदीला खुणेची दोरी बांधावी आणि तिची वाढ कलम किंवा छाट लावून करावी. बियांतून तो गुण टिकेलच असे नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या बोगनवेलीला पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बुडापासून काढावी. हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि पट्टेदार भाग मागे पडतो.

आपल्या बातमीदारांना विनंती, की फोटोबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: अशी झाडे किती, ती शेताच्या कोणत्या भागात आहेत आणि आसपास काय फवारले होते? शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे नमुना न्यावा. वीतभर विकृत शेंडा आणि त्याच शेतातला निरोगी शेंडा वेगवेगळ्या कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजून कुजतो, मग काहीच ओळखता येत नाही.

— एक निवृत्त कृषी सहायक, सेलू (जि. परभणी)