शनिवारी उघडं असणारं दुकान

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आईने विचारलं, "तिकडे बाहेर जेवायला गेलो तर आम्ही खायचं काय गं?" फोनवर नीट सांगणं झालं नाही, कारण बाबांच्या बातम्या लागल्या होत्या. म्हणून सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्कमधल्या आमच्या फॉरेस्ट हिल्समध्ये, क्वीन्स बुलेवार्डवर, एक ज्यू पद्धतीचं डेली, म्हणजे सँडविच-सूप मिळणारं खाण्याचं दुकान, आहे. घरापासून बाबांना चालत जाता येईल इतकंच लांब. बसल्या बसल्या, न मागता, काकडीच्या लोणच्याची वाटी समोर येते. त्यात दोन प्रकार असतात. एक हिरवंगार, करकरीत, थोडेच दिवस मुरलेलं. दुसरं चांगलं आंबट. दोन्ही नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून मुरवलेली, व्हिनेगरचा थेंब नाही. आई, तुझ्या बरणीतल्या खारवलेल्या कैरीचीच ही जात. आणि वाढणाऱ्या बाई! पुरत्या सत्तरीच्या असतील. ताटात काही उरलं की "आवडलं नाही?" म्हणून डोळे वटारतात आणि उरलेलं बांधून हातात देतात.

तिथलं मुख्य म्हणजे पास्ट्रामी. ते गोमांस, त्यामुळे मी खात नाही, पण कापणाऱ्याकडे बघत उभी राहते. मांस आधी बरेच दिवस मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात ठेवतात, मग भरड मिरी आणि धण्यांचा जाड थर लावून धुरी देतात आणि शेवटी वाफेवर मऊ करतात. रुमानियातून आलेल्या ज्यू लोकांनी ते इथे आणलं. 1880 नंतरच्या चाळीसेक वर्षांत पूर्व युरोपातून वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेत आले. त्यातले कितीतरी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट खोल्यांत राहून कपडे शिवायचे. 1924च्या स्थलांतराच्या कायद्याने ती वाट जवळजवळ बंद झाली. 1930च्या दशकात या शहरात दीड हजारांच्या वर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, डेली होती म्हणतात. आता फारच थोडी उरलीत. मुलं शिकली, उपनगरात गेली, मांस महागलं. 1888 सालचं कॅट्झ नावाचं डेली मात्र अजून गर्दीने भरलेलं असतं. तिथे एका सँडविचला 25 डॉलरच्या वर पडतात. बाबा, रुपये करू नका.

आमचं डेली 'ज्यू पद्धतीचं' आहे, कोशर नाही. खऱ्या कोशर मांसाच्या दुकानात दूध-चीज अजिबात चालत नाही, म्हणजे बाबांना दुधाचा चहा मिळायचा नाही. इथे मांसावर चीज वितळवून रूबेन सँडविच बिनदिक्कत विकतात. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तरी शनिवारीही दुकान उघडं.

ते कळलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतल्या ज्यू लोकांना पूर्वी गावोगाव 'शनवार तेली'च म्हणायचे ना? शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. आपल्या शेजारच्या काकूंच्या घरचं जेवण आठवून पाहिलं, तर त्यात या डेलीतला एकही पदार्थ सापडत नाही. त्यांच्याकडे मासे, भात, नारळाच्या रसातली आमटी, आणि एलियाहू हनावी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने केलेला, पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा. इथे राय ब्रेड आणि बटाटा. मांसाला दूध लावायचं नाही हा नियम एकच, पण काकूंनी तो नारळावर निभावला. इथल्या ओळखीच्या लोकांना मी सांगते की आमच्याकडचे ज्यू मराठी बोलतात, घरात खोबरं खवतात, तर निम्म्यांचा विश्वास बसत नाही. मला तर उलट वाटतं, पास्ट्रामी म्हणजेच ज्यू जेवण हे यांना कोणी सांगितलं?

असो. आईसाठी बटाट्याचा क्निश, म्हणजे पिठाच्या पारीत भरलेला मसालेदार बटाटा, भाजलेला. मिरची नसते, तिखटाची डबी तू पर्समध्ये ठेवणारच. लाटकेही आहेत, किसलेल्या बटाट्याचे, सफरचंदाच्या गोड गरासोबत देतात, पण त्यात अंडं असतं आणि कशात तळलंय ते मी आधी विचारीन. मशरूम-बार्लीचं सूप शाकाहारी दिसतं, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, तेव्हा ते नकोच. बाबांना मात्झोच्या गोळ्यांचं चिकन सूप. मात्झो म्हणजे पासओव्हर या ज्यू सणाची बिनखमिराची भाकरी. तिचं पीठ आणि अंडं कालवून गोळे वळतात, ते सुपात फुगतात. सर्दीवर हे सूप इथले लोक औषधासारखं पितात. मला बरं वाटतं, त्यातलं कोंबडीच्या चरबीमुळे किती आणि बाईंच्या दटावण्यामुळे किती, देव जाणे. बाबांनी लोणच्याला मात्र हात लावायचा नाही, बीपीचं लक्षात आहे ना?

येताना पोहे, डाळी काही आणू नका, जॅक्सन हाइट्सला सगळं मिळतं. आमसुलं तेवढी आणा, घरची.

तुमची,
लेक