खवले गटारीत का? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

२०२५ साली राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याचं समाधान तापीकाठच्या आम्हालाही आहे. पण उकाई धरणाच्या फुगवट्यातला, हतनूर धरणातला रोहू-कटला बाजारात पोचला की सगळ्या योजना वजनकाट्यापाशी संपतात. मासा तासला की ताटलीएवढ्या जागेत मूठभर खवले पडतात आणि संध्याकाळी गोणीतून गटारीकडेला जातात.

त्या खवल्यात मुख्यतः दोनच गोष्टी असतात: कोलॅजन हे प्रथिन आणि हाडात असतं तसं कॅल्शियम फॉस्फेट. खवले धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले की बारीक बुडबुडे येतात, खनिज विरघळतं आणि कडक खवला बोटाने दुमडेल इतका मऊ, पारदर्शक होतो. पुढे गरम पाण्यात त्याचं जिलेटिन निघतं. वापरलेल्या आम्लात विरवलेला चुना घातला की पांढरा साका बसतो. तो डायकॅल्शियम फॉस्फेटचा. शुद्धता तपासली तर कोंबडीखाद्यात चालतो.

आमचं अडतं ते उन्हाशी. रोहू-कटल्याचं कोलॅजन साधारण ३५ अंशांपुढे टिकत नाही आणि भुसावळचा मे महिना ४५ ला टेकतो. तापलेल्या आम्लात खनिजाबरोबर कोलॅजनही तुटून वाहून जातं. खवले वाळवायला आमचं ऊन फुकट, पण आम्लाच्या टाकीचं तेच वैरी. म्हणून बचत गटांना घरोघरी ड्रम आणि ॲसिड वाटायची कल्पना कुणी पुढे आणली, तर ती फाईल कृपया तिथेच अडवा. त्या ॲसिडच्या वाफा घरातल्या पोराबाळांनी खायच्या आणि उरलेलं पाणी नाल्यातून तापीत, हे परवडणारं नाही.

नवापूर किंवा भुसावळला एकच सामायिक केंद्र द्या. गार ठेवता येणारी टाकी, चुन्याची टाकी आणि सांडपाणी तपासायची सोय एवढं तिथे हवंच. साका काढल्यावरही पाण्यात कॅल्शियम क्लोराइड उरतं. ‘खतच आहे’ म्हणून ते केळीच्या बागेत सोडणारे महाभाग आमच्याकडे निघतील, आणि केळीला क्षार सोसत नाहीत. जाणकारांची वाण नाही. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था.

मासे कापणाऱ्या बाया नाहीतरी खवले आधी काढतात, आतडी नंतर. त्यांना वेगळी बादली आणि वाळल्या खवल्याला किलोमागे ठरलेला दर मिळाला, तर माल गोळा होईल. दर आधी जाहीर करा. बादली वाटपाचा समारंभ मागाहून झाला तरी आमची हरकत नाही.

आपला,
मच्छीमार सहकारी संस्थेचा एक सभासद
ता. नवापूर, जि. नंदुरबार