किनाऱ्यावर सोडण्याआधी कुत्र्याला 'ये' शिकवा

मा. संपादक,

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. मादी रात्री पुळणीत दीडेक फूट खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वर वाळू लोटून समुद्रात परतते. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणीचे कासवमित्र पहाटे फेरी मारून ती अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव जागेत, हलवतात. त्यांच्याआधी कुत्रा पोचला, तर वासावर खड्डा शोधून उकरतो. बोल भटक्या कुत्र्यांना लागतो. पण रात्री कडी काढून 'जा, फिरून ये' म्हणत सोडलेला घरचा कुत्राही तेच करतो. या महिन्यांत तो रात्री पडवीतच हवा, आणि पहाटे दोरीवर.

दिवसाही मोकळं सोडायचं, तर आधी हाकेला येणं पक्कं करा. उकडलेल्या कोंबडीचे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे घ्या. खळ्यात चार पावलांवरून एकदाच 'ये' म्हणा. आला की लगेच तुकडा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. मग गल्लीत, आणि शेवटी किनाऱ्यावर दहा मीटर सुती दोर लावून. दोर छातीच्या पट्ट्याला बांधा; गळ्याला बांधला तर धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो.

हे बिघडतं ते बहुधा आपल्यामुळेच. दहादा हाक मारली की पहिल्या नऊ हाकांना अर्थ उरत नाही. उशिरा आला म्हणून फटका दिला, तर जवळ येण्याचीच शिक्षा झाली. फक्त घरी न्यायलाच बोलावलं, तर 'ये' म्हणजे खेळ संपला हे तो चटकन ओळखतो. म्हणून खेळता खेळता बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा.

'सोड' हा शब्दही इथे जिवाचा आहे. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून, टाकलेला केंड (फुगणारा विषारी मासा) वाळूत पडलेला असतो. त्याचं विष सुकवून जात नाही, त्यावर उतारा नाही. ओकारी, लटपटते पाय, मग श्वास थांबतो. तोंडातून ओढायला गेलात तर कुत्रा घाईने गिळतो. नाकाशी कोंबडीचा तुकडा धरा. जबडा उघडला की 'सोड' म्हणा आणि तुकडा द्या. सराव घरी चेंडूवर करा. मासा पोटात गेलाच, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या.

रेबीजची लस दरवर्षी, आणि भातखाचरांतून फिरणाऱ्या कुत्र्याला पावसाआधी लेप्टोचीही (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस). किनाऱ्यावर केलेली घाण वाळूत पुरू नका, पिशवीत घालून घरी आणा.

— एक श्वानप्रशिक्षक, गुहागर